सोनं तळ्याकाठी, नकाशा बाटलीत: 'स्पायडर्स' दाखवायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात चित्रपट मंडळ चालतं. पुढच्या महिन्यात गुप्तधनाच्या शोधावरचा एखादा मूकपट दाखवायचा विचार आहे. फ्रिट्झ लँगचा 'स्पायडर्स' हा जर्मन मूकपट मी घरी पाहिला. माणसं किल्ली दिलेल्या खेळण्यांसारखी पळतात. रात्रीचे म्हणून सांगितलेले प्रसंग लख्ख उजेडात घडतात. मधूनमधून पडद्यावर येणाऱ्या मजकुराच्या पाट्या वाचून मुलं कंटाळतील असं वाटतं. आणि शेवटी त्या खजिन्याचं काय झालं तेच नीट समजत नाही. दाखवावा का? दाखवायचा तर कसा?"

दाखवा. पण तुम्ही पाहिलात तसा नको. तुमच्या चार तक्रारींपैकी पहिल्या दोन चित्रपटाच्या नाहीतच, तुमच्या हाती लागलेल्या प्रतीच्या आहेत. तिसरी दाखवणाऱ्याच्या हातातली आहे. चौथी मात्र अस्सल आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

मी तीसेक वर्षं फिल्म सोसायट्यांत आणि शाळा-कॉलेजांत मूकपट दाखवत आलोय. सोळा एमएमची रिळं एसटीच्या टपावर चढवायचे दिवसही पाहिलेत. 'स्पायडर्स' पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी सपशेल आपटलो होतो. एका कॉलेजच्या सभागृहात दीडशे मुलं होती. कुणीतरी दिलेली प्रत, तिच्यावर कुणीतरी चिकटवलेलं टणटण पियानोचं संगीत. पहिल्या भागाच्या शेवटी नायक घरी येतो, बागेत त्याची प्रियतमा मरून पडलेली असते आणि तिच्या अंगावर कोळी ठेवलेला असतो. तिथे सभागृह खदाखदा हसलं. मी आधी मुलांवर चिडलो, मग प्रोजेक्टरवाल्यावर. घरी येऊन तीच प्रत पुन्हा लावली तेव्हा लक्षात आलं की शोकानं कोसळणारा माणूस इतक्या झपाट्यानं कोसळला तर मीही हसलो असतो.

म्हणून आधी वेगाचं बोलू. त्या काळी कॅमेरा हातानं फिरवत. हँडलचा एक फेरा म्हणजे फिल्मवरच्या आठ चौकटी, आठ चित्रं, आणि सेकंदाला दोन फेरे, म्हणजे 16 चौकटी, हा जुना रिवाज. 1919 च्या सुमाराला तो 18, 20 असा वर सरकत होता. बोलपट आल्यावर आवाजासाठी वेग 24 वर पक्का झाला. आता 18 च्या वेगानं घेतलेलं रीळ 24 नं चालवलं, तर तासाभराचा चित्रपट पाऊण तासात उरकतो आणि प्रत्येक माणूस बस चुकल्यासारखा चालतो. 'स्पायडर्स'च्या दोन्ही भागांची मिळून लांबी कुठे सव्वादोन तास दिसते, कुठे तीन तासांच्या जवळ जाते. हा फरक बराचसा वेगाचाच.

तुमच्याकडची प्रत वेगानं चालतेय का, हे कसं ओळखायचं? नटांकडे बघू नका. मूकपटातले नट तसेही हातवारे करत असतात. पाण्याकडे बघा. लाट किती वेळात फुटते, घोड्याच्या टापांखालची धूळ किती वेळात बसते, पडदा वाऱ्यानं कसा हलतो. पाण्याला आणि धुळीला अभिनय येत नाही. ती घाई करताना दिसली की समजा वेग चुकलाय. मग व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये वेग 0.75 किंवा 0.8 वर आणा आणि त्या फाईलचं संगीत बंद करून टाका, नाहीतर पियानो रडायला लागतो. एक सावधगिरी मात्र हवी. पाठलागाचे प्रसंग कॅमेरामन मुद्दाम हँडल हळू फिरवून घेत, म्हणजे पडद्यावर ते जोरात पळावेत. त्यामुळे एकच एक 'बरोबर' वेग शोधत बसू नका. संथ प्रसंग माणसांसारखे दिसले की पाठलाग जरा जास्तच धावले तरी चालतील. ते तसेच धावायचे होते.

आता भर उजेडातली रात्र. त्या वेळची फिल्म इतकी संवेदनशील नव्हती की खरी रात्र टिपता यावी. रात्रीचे बाहेरचे प्रसंग दिवसा घ्यायचे आणि छापील प्रतीचा तेवढा तुकडा निळ्या रंगाच्या द्रावणात बुडवायचा, ही रीत होती. निळं म्हणजे रात्र, पिवळट-नारिंगी म्हणजे दिवा लावलेली खोली, तांबडं म्हणजे आग. प्रेक्षकांना ही भाषा पाठ होती. पुढे कुणी त्या रंगीत प्रतीवरून साधी कृष्णधवल प्रत काढली की निळं उडालं. उरला तो दुपारी बारा वाजता हातात दिवा घेऊन दबक्या पावलांनी घरात शिरणारा चोर. नायकाच्या घरी नकाशा चोरायला टोळी येते तो प्रसंग तुम्हाला म्हणूनच विनोदी वाटला असणार. रंग राखलेली प्रत मिळवा. हा चित्रपट कित्येक वर्षं हरवलेलाच समजला जात होता. 1978 मध्ये अमेरिकेत जुने चित्रपट जपणाऱ्या डेव्हिड शेपर्ड यांनी तो पुन्हा जोडून उभा केला आणि त्यानंतर चांगल्या डिस्क निघाल्या. मूळ चित्रपट शंभरीच्या पलीकडचा असला तरी नव्या प्रतीवर आणि तिच्या संगीतावर कुणाचे हक्क असू शकतात. डिस्क विकत घ्या आणि कॉलेजात दाखवण्याबद्दल विचारून घ्या. प्रोजेक्टरचं 'व्हिव्हिड' की काय ते बटण तेवढं बंद ठेवा, त्यात निळ्याचं जांभळं होतं.

मुलांना हेही सांगून ठेवा, की त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग दिसतच नसे. लाल ओठ काळे उमटत आणि निळं आकाश पांढरं पडे. चेहऱ्यावरचा तो चुना फासल्यासारखा रंग मूर्खपणातून आलेला नाही, फिल्मच्या या आंधळेपणावरचा तो उतारा होता.

इतकं झालं की चित्रपट दिसायला लागतो. आता त्याच्यात काय आहे ते सांगतो.

फ्रिट्झ लँग व्हिएन्नाचा. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या सैन्यात जखमी झाला आणि बरा होता होता पटकथा लिहायला लागला. एरिक पॉमर या निर्मात्यानं त्याला बर्लिनच्या डेक्ला कंपनीत आणलं. 'स्पायडर्स'चा पहिला भाग, 'सोनेरी तळं', 3 ऑक्टोबर 1919 रोजी झळकला तेव्हा लँग 28 वर्षांचा होता. दुसरा भाग, 'हिऱ्यांचं जहाज', फेब्रुवारी 1920 मध्ये आला. याआधी त्यानं दिग्दर्शित केलेले दोन चित्रपट आज उपलब्ध नाहीत, त्यामुळे आपल्या हाती उरलेला लँगचा पहिला चित्रपट हाच.

जर्मनी तेव्हा हरलेला, उपाशी, सरहद्दी बंद झालेला देश होता. युद्धात, 1916 साली, परदेशी चित्रपटांच्या आयातीवर बंदी आली होती आणि ती 1920 अखेरपर्यंत टिकली. लोकांना अमेरिकी थाटाच्या साहसकथा हव्या होत्या आणि अमेरिका तर येत नव्हती. मग बर्लिनवाल्यांनी अमेरिका, मेक्सिको, चीन सगळं घरीच बांधायला काढलं. त्याच हंगामात जो माय यांनी 'जगाची स्वामिनी' नावाची आठ भागांची मालिका काढली. तिची नायिका शेबाच्या राणीच्या खजिन्यामागे निघते. म्हणजे ज्या शहरात पाव मिळणं मुश्कील होतं, तिथे एकाच वेळी दोन-दोन कंपन्या पडद्यावर सोनं खणत होत्या.

'स्पायडर्स'चा नायक के हूग हा सॅन फ्रान्सिस्कोचा श्रीमंत, शौकीन, यॉट चालवणारा गडी. भूमिका कार्ल दे फोग्ट यांची. खरं सांगायचं तर हा नट लाकडी आहे; उडी मारतो झकास, पण प्रेम करताना तिकीट तपासनिसासारखा दिसतो. चित्रपट खाऊन टाकते ती रेसेल ओर्ला, लिओ शा या खलनायिकेच्या भूमिकेत. 'स्पायडर्स' ही तिची गुन्हेगारी टोळी, गुन्ह्याच्या जागी कोळी सोडून जाणारी. आणि नाएला ही सूर्यमंदिराची पुजारीण झालीय लिल डागोव्हर, जी थोड्याच महिन्यांनी 'डॉ. कॅलिगरी' या गाजलेल्या भयपटामुळे जगभर ओळखली गेली. इथे एक गंमत आहे. 'कॅलिगरी' आधी लँगच करणार होता. पण 'स्पायडर्स'चा पहिला भाग धो धो चालला, कंपनीनं 'दुसरा आण लवकर' म्हणून तगादा लावला आणि 'कॅलिगरी' रॉबर्ट वीने या दिग्दर्शकाकडे गेला. जगाच्या चित्रपट-इतिहासातली एक पाटी अशी एका खजिन्याच्या गोष्टीमुळे बदलली.

गोष्ट सुरू होते ती समुद्राकाठी. फाटक्या कपड्यांतला एक म्हातारा चिठ्ठी लिहितो, बाटलीत घालतो, बाटली समुद्रात फेकतो आणि पाठीमागून आलेल्या बाणानं मरतो. मिनिटभरात संपणारा प्रसंग आहे. ती बाटली के हूगला सापडते. आत नकाशा असतो आणि चिठ्ठीत लिहिलेलं असतं की इंका लोक अजून जिवंत आहेत आणि त्यांच्या तळ्याकाठी सोनं आहे. के हूग शहाणा असता तर गप्प बसला असता. पण तो क्लबात उभा राहून सगळ्यांसमोर ते जाहीर करतो, शेजारच्या मंडळींत लिओ शा असते, आणि त्याच रात्री त्याच्या घरून नकाशा जातो.

आता तुमच्या पाट्यांच्या तक्रारीवर येतो, कारण माझ्या मते हा चित्रपट पाट्यांवरच उघडतो. मूकपटात वाचायच्या गोष्टी दोन जातींच्या असतात. एक, संवादाची किंवा निवेदनाची पाटी, जी गोष्टीच्या बाहेरून येते. दुसरी, गोष्टीतलाच कागद: चिठ्ठी, नकाशा, तार, जहाजाची नोंदवही. तो कॅमेऱ्यानं जवळून दाखवलेला असतो आणि त्याच्या कडेला पात्राचा अंगठाही दिसतो. गुप्तधनाच्या मूकपटात माणसं बोलू शकत नाहीत, म्हणून सगळं बोलणं कागदच करतात. कागद ज्याच्या हाती त्याची सत्ता. या चित्रपटात बाटलीपासून दुसऱ्या भागातल्या चाच्याच्या जुन्या दप्तरापर्यंत कोण कुठे आहे ते विसरा, कागद कुणाकडे आहे एवढंच धरा. गोष्ट तुटक वाटायची थांबते. मुलांना सुरुवातीलाच एवढं एक काम द्या: 'कागदावर लक्ष ठेवा.' पोरं चोरासारखी लक्ष ठेवतात.

आणि पाट्या मोठ्यानं वाचा. यात ओशाळण्यासारखं काही नाही, आपल्याकडे मूकपटांच्या जमान्यात ही सर्रास पद्धत होती. एकाच पाटीवर इंग्रजी, हिंदी, गुजराती, मराठी, उर्दू यांतल्या दोन-तीन भाषा एकाखाली एक असायच्या, आणि ज्यांना एकही वाचता येत नसे त्यांच्यासाठी कुणीतरी मोठ्यानं वाचायचं. मी मराठी तर्जुमा करून ठेवतो आणि शक्यतो दोन आवाज वापरतो. संवादाच्या पाट्या एकजण वाचतो, नुसत्या, सपाट, नाटक न करता. चिठ्ठ्या आणि नकाशे दुसरी व्यक्ती वाचते, सावकाश, ज्यानं लिहिलं त्याच्या आवाजात. एकदा एका गावात शाळेतल्या निवृत्त बाईंनी ती बाटलीतली चिठ्ठी वाचली. त्यांनी मृत्युपत्र वाचावं तशी वाचली. सभागृहातल्या खुर्च्या करकरायच्या थांबल्या. मूळ पाटी जेवढा वेळ पडद्यावर असते तेवढ्यात बसेल इतकाच तर्जुमा करा. लांब वाक्य असलं की पुढच्या दृश्यावर वाचन सांडतं आणि दोन्ही जातात.

पुढचा भाग मुलांना बांधून ठेवतो. मेक्सिकोतला पाठलाग, आकाशात चढणारा बलून, त्याच्या दोराला लोंबकळत वर जाणारा नायक, हवाई छत्रीनं खाली उतरणं, आणि उतरल्या उतरल्या नाएलावर झेपावणाऱ्या सापाला मारणं. इथे आपल्या मुलांच्या डोक्यात आपोआप दिवा पेटतो. धनाच्या हंड्यावर नाग बसलेला असतो, पायाळू माणसाला जमिनीतलं धन दिसतं, हे सगळं आजीकडून ऐकलेलं असतंच. साप मेला की कुणीतरी हमखास म्हणतं, 'आता सोनं मिळणार.' मिळतंही. लिओ शाला इंकांनी बळी द्यायला धरलेलं असतं, तिला सोडवतो तो के हूगच. टोळीला गुहेत सोन्याचा ढीग दिसतो, सोन्यावरून आपसांत भांडणं लागतात आणि गुहेत पाणी शिरतं. एका ठिकाणी बळीच्या प्रसंगानंतर एका मुलानं विचारलं होतं, 'असं कोण करतं?' त्याला मला सांगावं लागलं की गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि न घडणाऱ्या गोष्टींवर कुणी कायदा करत नाही.

मध्येच एक भूगोलाची चूक दाखवून द्या. इंका पेरूचे, आणि इथे वाट मेक्सिकोतून निघते. लँगला त्याचं काही नव्हतं. त्याला इंकांचं सोनं, मेक्सिकोची टोपी आणि अमेरिकी काउबॉयचा घोडा तिन्ही हवं होतं. लहानपणापासून कार्ल मायच्या साहसकथा वाचलेल्या जर्मन पोराचं हे जग. इंकांची मंदिरं उभी राहिली हॅम्बुर्गजवळच्या हागेनबेक प्राणिसंग्रहालयाच्या आवारात, आणि वस्तू, मुखवटे, शस्त्रं यांची जुळवाजुळव केली हाइन्रिख उमलाउफ यांनी. त्यांच्या घराण्याचा देशोदेशीच्या अशा वस्तू गोळा करून विकण्याचा धंदाच होता. म्हणजे सेटवरची कित्येक वस्तू कुठल्यातरी खऱ्या घरातून, खऱ्या देवळातून आलेली असू शकते, आणि तीच वस्तू पडद्यावर भलत्याच लोकांच्या नावावर खपवली जाते. हागेनबेक तर माणसांची प्रदर्शनं भरवण्यासाठीही प्रसिद्ध होता. दूरदेशीची कुटुंबं आणून कुंपणाआड बसवायची आणि तिकीट लावायचं. गोरा नायक आकाशातून उतरतो, पुजारीण प्रेमात पडते, सोनं मात्र 'शोधणाऱ्यांचं': हा सगळा साचा ज्या मातीत तयार झाला ती माती हीच. दुसऱ्या भागात चिनी माणसांचं चित्रण आणखी वाईट आहे, आणि संमोहन करणारा एक हिंदुस्थानी योगीही आहे, नाव 'ऑल-हाब-मा'! असलं नाव आपल्याकडे कुठल्या पंचक्रोशीत ठेवतात ते विचारून बघा. मुलं हसतात, आणि मग चिनी पात्रांबद्दल ती स्वतःच बोलायला लागतात. चित्रपटाच्या आधी यावर भाषण देऊ नका. नंतर हा योगी पुरेसा आहे.

संगीताचं थोडक्यात. वादक मिळाले तर हार्मोनियम आणि एक तालवाद्य पुष्कळ. मी संबळही वापरून पाहिलंय. इंकांच्या प्रसंगाला ते वाजवलं की 'गोंधळ' सुरू झाला असं लोकांना वाटतं, म्हणून सोडून दिलं. लिओ शाला एक ठरावीक चाल द्या, चार स्वरांची, आणि ती तिच्या येण्याच्या जरा आधी वाजू द्या. नाएलाच्या मृत्यूला वाद्यं पूर्ण बंद. पंख्याचा आवाज ऐकू येऊ दे. त्या पहिल्या फजितीनंतर मी हे असंच करत आलोय आणि तिथे पुन्हा कुणी हसलेलं नाही.

आता तुमची चौथी तक्रार, खजिन्याचं काय झालं. पहिल्या भागातलं सोनं पाण्याखाली जातं. नायकाच्या हाती लागते ती नाएला. लिओ शा त्याच्या घरी येऊन प्रेमाची कबुली देते, तो नकार देतो आणि ती नाएलाला मारवते. म्हणजे खजिन्यासाठी निघालेल्या दोघांपैकी एकालाही सोनं मिळत नाही, आणि दोघांनाही जे मिळायला हवं होतं तेही जातं. दुसऱ्या भागात सोन्याच्या जागी हिरा येतो, बुद्धमस्तकाच्या आकाराचा. तो ज्याच्याकडे तो आशियाला परकीयांच्या जोखडातून सोडवणार, अशी आख्यायिका. शोध जमिनीखालच्या चिनी वस्तीतून निघतो, तिथून जहाजावर. नायक एका लाकडी खोक्यात खाण्यापिण्याची, वाचायची सोय करून चोरून प्रवास करतो, हा माझा आवडता प्रसंग. मग लंडनचा हिऱ्यांचा व्यापारी, त्याची पळवलेली मुलगी, त्याच्या चाचा पूर्वजाचं दप्तर आणि शेवटी फॉकलंड बेटांवरची गुहा. तिथे विषारी वायूनं टोळी मरते, लिओ शाही. आशिया मुक्त व्हायचा तो राहूनच जातो.

राहतो, कारण लँगनं चार भाग योजले होते. तिसरा 'स्फिंक्सचं रहस्य' आणि चौथा 'आशियाच्या राजमुकुटासाठी'. दोन्ही कधी निघालेच नाहीत. तुम्हाला शेवट अर्धवट वाटला तो अर्धवटच आहे. मुलांना हे आधीच सांगा. अर्धी राहिलेली मालिका आहे हे माहीत असलं की फसवल्यासारखं वाटत नाही, उलट उरलेले दोन भाग ती स्वतः रचायला लागतात.

दुसरा भाग पहिल्यापेक्षा ढिला आहे, हे मान्य करूनच टाका. कॅमेरा इथे कार्ल फ्रॉइंडचा, आणि चित्रं पहिल्या भागापेक्षा सरस आहेत, पण कथेला सांधे फार. तरी जमिनीखालचं ते शहर नीट पाहा. वरती झगमगीत रस्ते आणि खाली चोरदरवाज्यांतून उतरत जाणारं दुसरंच नगर, ही कल्पना इथे भुताटकीसारखी येऊन जाते. सात वर्षांनी 'मेट्रोपोलिस'मध्ये तीच कल्पना लँगनं शहराएवढी करून मांडली, तेव्हा कॅमेऱ्यामागे फ्रॉइंडच होता आणि सेट रचणाऱ्यांत 'स्पायडर्स'चाच ऑटो हुन्टे. या चित्रपटातला आणखी एक चेहरा ओळखून ठेवा, गेओर्ग योन. लँगच्या 'एम'मध्ये खुन्याची शीळ ओळखणारा आंधळा फुगेवाला तोच. ज्यू होता, 1941 मध्ये पोलंडमधल्या वूच शहरातल्या ज्यूंच्या कोंडवाड्यात वारला.

एका बैठकीत दोन्ही भाग दाखवू नका. ते 1919-20 मध्येही चार महिन्यांच्या अंतरानं लागले होते. शुक्रवारी 'सोनेरी तळं' दाखवा, नाएलाच्या मृत्यूवर दिवे लावा आणि कुणाला काही बोलायला न लावता घरी सोडा. दुसरा भाग पुढच्या शुक्रवारी. पहिल्या दिवशी वेळ उरला तर आधी फाळक्यांच्या 'कालियामर्दन'चा तुकडा दाखवा. तोही 1919 चाच, आणि नशिबानं बराचसा वाचलाय. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयानं जपलाय. सुरुवातीला छोटी मंदाकिनी फाळके कॅमेऱ्यासमोर एकेक भाव करून दाखवते, आणि पुढे हीच मुलगी कृष्ण होऊन डोहात उडी घेते आणि नागाशी झुंजते. एकाच वर्षी नाशिकचा माणूस डोहातला नाग दाखवत होता आणि बर्लिनचा माणूस तळ्याकाठचा साप. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नसणार. आपल्याकडे सुमारे 1300 मूकपट निघाले आणि त्यांतले जेमतेम 30 च्या आसपास उरलेत, तेही बरेचसे तुकड्यांत. बाबूराव पेंटरांचा 1924 चा 'कल्याण खजिना' मला याच्याबरोबर दाखवायला फार आवडला असता, पण दाखवणार कुठून?

तुमच्या मंडळात थोरली मुलं आणि शिक्षक असतील तर तिसऱ्या शुक्रवारी दिग्दर्शक पाब्स्टचा पहिला चित्रपट, 1923 चा 'डेर शात्झ', म्हणजे 'खजिना', लावा. हा 'स्पायडर्स'च्या बरोब्बर उलटा आहे. इथे बलून नाही, जहाज नाही. ऑस्ट्रियातल्या एका घंटा ओतणाऱ्या कारागिराचं घर, भट्टीसारखं फुगलेलं, मातीचं. आणि 1683 च्या तुर्की स्वारीत त्या घरात कुठेतरी धन पुरलेलं. धनी, त्याची बायको, मुलगी, एक म्हातारा कामगार आणि बाहेरून आलेला तरुण सोनार. वेर्नेर क्राउस त्या कामगाराच्या भूमिकेत रात्री भिंती चाचपडत फिरतो तेव्हा अंगावर काटा येतो. धन आणि मुलगी दोन्ही आपल्यालाच मिळणार असं धरून बसलेल्या या माणसाला मुलगी मिळत नाही. ती आणि सोनार सोन्यावर पाणी सोडून निघून जातात, आणि तो आणखी सोनं मिळावं म्हणून घराचा आधारच पोखरतो. इथे पाट्या थोड्या आहेत आणि कागद जवळजवळ नाहीत. वाचणाऱ्या बाईंना त्या दिवशी सुट्टी द्या, हार्मोनियमवाल्याला मात्र लवकर बोलवा. घर पडतानाचा प्रसंग त्याला दोन-तीनदा बघून ठेवावा लागेल. पहिली माती गळते तिथून त्यानं वाजवायला लागायचं, घर कोसळतं तिथून नव्हे.